जनावरे खालची, जनावरे वरची

आमच्या ऑफिसात रोज झाडू फिरतो, पण किस्से काही बाहेर जात नाहीत. कोपऱ्यात पडून असतात आणि चहाच्या वेळी कोणी ना कोणी त्यातला एक उचलून झटकतो. नव्या माणसाला वाटतं, ही मंडळी काम कधी करतात? करतो हो! काम करतो म्हणूनच किस्से होतात. नुसतं बसून राहणाऱ्याचे कसले किस्से?

ऑफिस म्हणजे महाडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीतली एक लांबट खोली. एक संस्था फिरता पशुदवाखाना चालवते, त्याचं हे ऑफिस. एक गाडी, एक डॉक्टर आणि लसींची एक थंड पेटी. गाडी डोंगरावरच्या वाड्यांवर चढते, गाई-म्हशी-शेळ्यांना लस टोचते आणि खाली येते. खाली आल्यावर कुठल्या जनावराला काय टोचलं ते कॉम्प्युटरमध्ये भरायचं, हे आमचं काम. आम्ही म्हणजे दत्ताभाऊ आणि मी. दत्ताभाऊ थोरले क्लार्क, संस्था सुरू झाल्यापासूनचे. मी नाते गावाहून रोज येते. पोलादपूरला आमची आणखी एक खोली आहे, तिथे सुनंदाताई बसतात. डॉक्टर कुठेच बसत नाहीत, ते कायम गाडीत.

मी नोकरीला लागले तेव्हा मला एक्सेलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. या तिघांनी मला सांभाळून घेतलं, शिकवलं, आणि शिकवताना स्वतःच्या चुकाही तितक्याच मायेने शिकवल्या. म्हणून आधीच सांगते, यात कोणाची थट्टा वाटली तर ती घरच्या माणसाची थट्टा आहे.

झालं असं, की गाडीचं डिझेल आणि औषधं ज्यांच्या देणगीवर चालतात त्या मुंबईच्या मॅडमचा निरोप आला. महाड आणि पोलादपूर दोन्ही तालुक्यांचा मिळून एकच तक्ता द्या. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर गाडी पाठवून खरंच उपयोग होतो का, ते बघून पुढचं ठरवू. पावसाळ्यात मी स्वतः येते, तेव्हा दाखवा. सरळ अर्थ असा, की तक्ता झाला नाही तर गाडी पोलादपूरच्या पुढे चढणं बंद.

तक्ता काय, दोन फाइली जोडायच्या. पण आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्या दोन फाइली एकत्र उघडायच्याच नाहीत. एक एका प्रोग्राममध्ये, दुसरी दुसऱ्या. दोन्ही समोर उघड्या, तरी इकडून तिकडचं पान सरकवायला जावं तर इकडच्या यादीत तिकडचं नावच नाही. एकाच मांडवात बसून एकमेकांशी न बोलणाऱ्या भावकीसारखा प्रकार.

*

पहिला प्रयत्न सुनंदाताईंनी केला. त्या पोलादपूरची फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून एसटीने महाडला आल्या. कॉपी केलं, दुसऱ्या फाइलमध्ये जाऊन पेस्ट केलं. नुसतं पेस्ट केल्यावर रकाने विस्कटले, म्हणून त्यांनी पेस्टचे जेवढे प्रकार होते ते सगळे करून बघितले. शेवटी एका प्रकाराने सगळं जसंच्या तसं आलं. रंग, रेघा, सगळं. ताई खूश. आम्हीही खूश. भाऊंनी वडापाव मागवले.

संध्याकाळी डॉक्टर आले आणि त्यांनी बेरीज बघितली. महाडची जनावरं बरोबर. पोलादपूरची जनावरं शून्य. ताईंनी जे चिकटवलं होतं तो आकड्यांचा फोटो होता! फोटोतल्या म्हशी कॉम्प्युटर कशाला मोजेल?

डॉक्टर गंभीर माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "सुनंदाताई, या तक्त्याप्रमाणे पोलादपूर तालुक्यात एकही जनावर नाही."

ताई हातातला वडापाव खाली ठेवून म्हणाल्या, "मंग वर्षभर आमी लस काय माणसांना टोचली?"

*

दुसरा प्रयत्न भाऊंचा. भाऊंनी एक फाइल उघडली. मग प्रोग्राम नव्याने सुरू करून तीच फाइल चुकून परत उघडली. कॉम्प्युटरने पाटी दाखवली, की ही फाइल 'दत्तात्रय' यांनी आधीच उघडलेली असल्यामुळे तुम्हाला फक्त बघता येईल, हात लावता येणार नाही.

आता आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर भाऊंच्याच नावाने आहे, कारण घेताना सही त्यांनी केली होती. पण हे त्या क्षणी कोणाच्या डोक्यात येणार? भाऊ तडक उठले. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आले. पोलादपूरला फोन करून सुनंदाताईंना विचारलं, माझ्या नावाने तिकडून कोणी आत शिरलंय का? ताई म्हणाल्या, इकडे लाइटच नाहीये. मग भाऊंनी ऑफिसचं दार आतून लावलं आणि कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले. कोणीतरी बाहेर पडेल म्हणून वाट बघत बसलेला माणूस जसा बसतो, तसे.

मी जेवणाचा डबा धुऊन आले तर दार बंद. खिडकीतून हाक मारली. भाऊंनी तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "शुभा, मी हितं बसलोय. मंग आत दत्तात्रय कोण बसलाय?"

*

मग आम्ही रीतसर दुरुस्तीवाला बोलावला. माणूस हुशार, बोलायला गोड. त्याने सेटिंगमध्ये खोल जाऊन, इतर प्रोग्रामचं काही ऐकू नकोस अशा अर्थाची एक ओळ होती तिच्यावर टिक केली. आता बघा, म्हणाला. भाऊंनी फाइलवर दोनदा क्लिक केलं. एक्सेल उघडलं. आत काहीच नाही. नुसता करडा पडदा. दुसऱ्या फाइलवर क्लिक केलं. पुन्हा करडा पडदा.

टिक काढल्यावर सगळं पूर्ववत झालं, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. पण मधली ती काही मिनिटं भाऊंच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. दुरुस्तीवाला बिचारा म्हणत होता, की निदान वेगवेगळं उघडण्याचा प्रॉब्लेम तरी गेला ना? भाऊ म्हणाले, "बाबा रे, तू येण्याआधी दोन तरी उघडत होत्या."

*

डॉक्टरांना या सगळ्याचा कंटाळा आला. ते म्हणाले, जोडू नका, मला दोन्ही फाइली वेगवेगळ्या छापून द्या, मी बघतो. आम्ही छापून दिल्या. ते कागद घेऊन गाडी पोलादपूरच्या वर, दोन्ही तालुक्यांच्या हद्दीवरच्या एका वाडीला गेली. त्या दिवशी माणूस कमी होता म्हणून मी पण बरोबर होते.

त्या वाडीत झिमाबाई राहतात. वय त्यांनाही माहीत नाही. घरात माणसं कमी आणि जनावरं जास्त, आणि त्यातली लाडकी म्हैस म्हणजे चंद्री. वाडी हद्दीवर असल्यामुळे कधी आमची गाडी महाडकडून जायची, कधी पोलादपूरकडून. त्यामुळे चंद्री दोन्ही फाइलींत होती. एकीत लस झालेली, दुसरीत बाकी.

डॉक्टरांनी बाकीचा कागद बघून सुई भरली. झिमाबाई मधे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हिला तर मागच्या खेपेलाच टोचली. डॉक्टरांनी मला विचारलं. मी दोन्ही कागद बघितले आणि जमेल तसं समजावून सांगितलं, की आजी, आमच्या डब्यात, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये, चंद्री दोनदा आलीय. एक झालेली आहे आणि एक बाकी आहे.

झिमाबाईंनी माझ्याकडे बघितलं, चंद्रीकडे बघितलं, मग गोठ्यात एक नजर टाकली.

"मंग ती दुसरी चंद्री दाव गो, तिचं पण दूध काढते."

डॉक्टरांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पण परत येताना घाटाच्या वळणांवर ते म्हणाले, की या वाडीत गाडी यायची बंद झाली तर हिच्या जनावरांना खाली आणणार कोण? पावसाळ्याआधीची लस चुकली की घटसर्प गोठ्याचं काय करतो, ते मी नात्याला लहानपणी पाहिलेलं आहे.

*

कोडं सुटलं ते भाऊ भातलावणीला गावी गेले तेव्हा. भाऊंचं गाव वरंधकडे. वर्षात ते एवढीच रजा घेतात.

आमच्या ऑफिसात एक नियम होता. प्रत्येक फाइल उघडताना एक्सेल नव्याने सुरू करायचं, मग त्यातून फाइल शोधून उघडायची. मला भाऊंनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं, सुनंदाताईंनाही त्यांनीच. चप्पल बाहेर काढून आत यायचं तसा नियम. का, ते कोणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी मला घाई होती. मी सरळ महाडच्या फाइलवर दोनदा क्लिक केलं, मग पोलादपूरच्या. आणि कॉम्प्युटरने मला इतक्या दिवसांत कधी न दाखवलेली पाटी दाखवली. एकाच नावाच्या दोन फाइली एकत्र उघडता येत नाहीत!

दोन्हीचं नाव 'जनावरे' होतं. पोलादपूरची फाइल महाडच्या फाइलवरूनच केलेली, नाव तेच राहिलेलं. मी पोलादपूरच्या फाइलचं नाव बदललं. परत क्लिक केलं. दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी उघडल्या, एकीच्या यादीत दुसरीचं नाव दिसलं, आणि पान इकडून तिकडे असं सरकलं की जणू कधी भांडण नव्हतंच. दुबार जनावरं शोधून काढली. दुसरी चंद्री मी स्वतःच्या हाताने पुसली. संध्याकाळपर्यंत तक्ता तयार! मी सुनंदाताईंना फोन केला, आणि सांगायला लाज कशाला, आम्ही दोघी फोनवर चक्क रडलो.

*

आता प्रश्न होता, हे भाऊंना सांगायचं कसं. म्हणजे इतकी वर्षं दोन फाइली वेगवेगळ्या उघडत होत्या त्याला कारण कॉम्प्युटर नव्हता, त्यांचा नियम होता.

भाऊ लावणीहून आले. मी चहा दिला, भीत भीत सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ये, तुला दाखवतो. त्यांनी कॉम्प्युटरमधलं एक फोल्डर उघडलं. त्याचं नाव होतं 'माळा'.

महाडच्या बाजारपेठेत माळा नसलेलं दुकान दाखवा. सावित्रीचं पाणी गल्लीत शिरतं तेव्हा जे माळ्यावर गेलं ते आपलं, खाली राहिलं ते नदीचं. भाऊंनी एका पुरात संस्थेचे सगळे जुने कागद डोळ्यांदेखत चिखल झालेले बघितले होते. त्यानंतर कॉम्प्युटर आला. तेव्हापासून रोज घरी जाण्याआधी ते प्रत्येक फाइलची एक प्रत 'माळा' फोल्डरमध्ये नेऊन ठेवत. आणि मग खालची आणि वरची अशा दोन्ही उघडून, ओळ न् ओळ पडताळून, मगच कुलूप लावत. नाव एकच, म्हणून दोन्ही एकत्र उघडेनात. एकदा चुकून प्रोग्राम दोनदा सुरू झाला आणि उघडल्या. मग तोच नियम झाला.

"वर नेलेलं नीट पोचलं का, ते बघायला नको?" भाऊ म्हणाले.

इतकी वर्षं, रोज, कोणी न सांगता. पण माझी जीभ मेली काळी. मी म्हटलं, भाऊ, पण हा माळा याच डब्यात आहे. आणि डबा तर खाली जमिनीवर आहे. पाणी आलं तर माळाही बुडणार.

भाऊंनी खुर्ची मागे सारली आणि वाकून टेबलाखालचा डबा बघितला. चहा तसाच राहिला. मला वाटलं, उगाच बोलले.

दुसऱ्या दिवशी मी आले तर दोन गोष्टी झाल्या होत्या. भाऊंनी आपल्या हाताने सगळ्या फाइलींची नावं बदलली होती. तालुक्याचं नाव आणि पुढे 'जनावरे खालची', तालुक्याचं नाव आणि पुढे 'जनावरे वरची'. आणि सुतार शिडीवर उभा राहून खऱ्या माळ्यावर फळी ठोकत होता. पावसाळाभर कॉम्प्युटरच वर!

*

त्या पावसाळ्यात आम्ही शिडी चढून डेटा भरला. माळ्यावर ताठ बसता येत नाही, म्हणून मांडी घालून, मान खाली घालून. डॉक्टर उंच, ते चारदा तुळईला आपटले आणि शेवटी हेल्मेट घालून वर जायला लागले. सुनंदाताई महाडला आल्या की शिडीला हात लावायच्या नाहीत. त्या खालून आकडे ओरडायच्या, मी वरून भरायची. झेरॉक्सवाल्याला आमच्या सगळ्या वाड्यांची जनावरं पाठ झाली. गल्लीत सगळे हसायचे. भाऊंना विचारायचे, यंदा साहेब लोक वर राहायला गेले काय? भाऊ म्हणायचे, हसा, हसा.

*

आणि मग पाणी आलं.

पुराचा भोंगा वाजला तसे आम्ही निघालो. न्यायचं काही नव्हतंच, सगळं वर होतं. पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर आत गुडघाभर चिखल. टेबल उलटं, खुर्च्या कुठल्या कुठे, भिंतीवर पाण्याची रेघ. भाऊ आधी शिडी लावून वर गेले. आम्ही खाली शिडी धरून उभे. वरून त्यांचा आवाज आला, "कोरडा हाय."

मी नास्तिक नाही, पण त्या दिवशी देवाच्या आधी भाऊंना हात जोडले. अजूनही पावसाळा आला की जोडते.

कोरडा होता, पण लाइट नव्हती. गल्लीभर कुठेच नव्हती आणि कधी येईल सांगता येत नव्हतं. आणि मॅडम यायचा दिवस तोच. आम्हाला वाटलं, अशात काय येतात? पण त्या आल्या. ट्रेनने वीर स्टेशनला उतरल्या, रिक्षाने जिथपर्यंत येता आलं तिथपर्यंत आल्या आणि पुढे चपला हातात घेऊन चिखलातून चालत आल्या. आम्हाला बघून आधी त्यांनी विचारलं, की तुम्ही सगळे बरे आहात ना. त्याबद्दलही मी त्यांची ऋणी आहे, कारण आम्हाला वाटलं होतं की आधी तक्ता विचारतील.

त्या आल्या तेव्हा ऑफिसात आम्ही एकटे नव्हतो. सकाळीच वाडीवरची माणसं येऊन ठेपली होती. झिमाबाई, त्यांचा मुलगा, सून, शेजारपाजारचे. वाडीचा रस्ता दरडीने तुटलेला, म्हणून पोलादपूरपर्यंत चालत आणि पुढे मिळेल त्या टेम्पोतून. बरोबर फावडी, घमेली, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि दुधाची किटली. आम्ही बोलावलं नव्हतं. कोणीच बोलावलं नव्हतं. आल्या आल्या झिमाबाईंनी पदर खोचला आणि चिखल उपसायला लागल्या.

मॅडमना वाटलं, सफाईला माणसं लावलीत. त्यांनी झिमाबाईंना विचारलं, कुठून आलात? झिमाबाईंनी वाडीचं नाव सांगितलं. मॅडम म्हणाल्या, पण तो रस्ता तर बंद आहे ना?

झिमाबाईंनी फावडं टेकवलं. "बंदच हाय. यांची गाडी वर येते तवा तरी कुठं रस्ता असतो?"

मॅडम उलट्या टेबलाच्या कडेवर बसल्या. झिमाबाईंच्या सुनेने त्यांच्या हातात दुधाचा पेला दिला. मग त्यांनी भाऊंकडे वळून, अगदी हळू आवाजात, जणू विचारणं जिवावर आलंय अशा सुरात, विचारलं, की तो तक्ता... पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर किती जनावरं वाचली, एवढं जरी कळलं असतं तरी बरं झालं असतं.

भाऊंनी माळ्याकडे बघितलं. तक्ता वर होता, पूर्ण, कोरडा, खालचा आणि वरचा दोन्ही, पण कॉम्प्युटरच्या आत, आणि लाइट नव्हती. मी काहीतरी बोलायला पुढे झाले, पण त्याआधीच चिखलातून आवाज आला.

"आमची सगळी हायत, बाय," झिमाबाई म्हणाल्या. "यंदा एक पण गेली नाय. उलट यांच्या डब्यात एक जादाच हाय."